पाच दिवस कमी

हार्लो,
१५ नोव्हेंबर १९९२

प्रिय कॅझ,
स. न. वि. वि.

तुझ्या ऑफिसात फोन केला की आधी मिसेस फिंच माझी तब्येत विचारतात, मग तुला जोडून देतात आणि मग आपण बोलत असताना त्यांचा श्वास ऐकू येत राहतो. घरी फोन करावा तर तू घरी नसतोस. म्हणून हे पत्र. वीस मैलांवरच्या भावाला तिकीट लावून पत्र पाठवते म्हणून तुझा मेव्हणा डेल हसतोय. हसू दे.

इथे सगळे ठीक. आईचा गुडघा थंडीने धरलाय, पण चर्चला जायचं थांबत नाही. तू रविवारी आला नाहीस, तुझ्या वाटणीचे कोबीचे रोल डेलने खाल्ले आणि वर म्हणाला की हेरन्सच्या ऑफिसातल्या माणसांना या वर्षी जेवण मिळूच नये. बेसबॉलचे अठ्ठ्याण्णव सामने हरलात, कॅझ! मी 'हरलात' म्हणते कारण जिंकले असते तर 'जिंकलो' म्हटलं असतं. डेल कॅचर, मुखवटा घालून दीडशे दिवस उकिडवा बसला, त्याच्यावर काही खापर नाही. सगळं तुम्हा टायवाल्यांवर.

आता खरी बातमी. परवा जेवणाच्या टेबलावर जोसीने विनोद सांगितला. हातांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता. एक बदक दुकानात जातं असा काहीतरी होता. शेवट मला कळला नाही, डेलला कळला, आणि तो इतका हसला की पाणी नाकातून आलं. आठ वर्षांची झाली पोर, पण घरात विनोद पहिल्यांदा आला. आधीच्या दोन शाळांनी तिचे हात बाकाखाली ठेवायला लावले होते, आठवतं ना? बाईंना चावली होती. ही तिसरी शाळा, बहिऱ्या मुलांची. इथे शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळे हातांनी बोलतात. तिला बेथ नावाची मैत्रीण आहे. दोघी भांडतातसुद्धा, आणि भांडण बघायला मी खिडकीत उभी राहते.

घरमालकीणबाई विचारतायत की घर कायमचं घेता का. फेब्रुवारीपर्यंत सांगायचं आहे. पेपरात रोज येतंय की हेरन्स अर्धा संघ बदलणार. डेल म्हणतो घाबरू नकोस, दहा वर्षं पुरी झाली, त्यातली सगळी याच संघात, आता त्याच्या होकाराशिवाय त्याला कुणी दुसरीकडे पाठवू शकत नाही. तसा नियमच आहे म्हणे. तू कागद बघून मला एवढंच सांग, की खरंच झाली ना दहा?

तो हिरवा टाय घालू नकोस. टीव्हीवर दिसलास, सरोवरातून काढल्यासारखा दिसत होतास.

लोभ कोबीवर नसला तरी माझ्यावर राहू दे.

तुझी,
वांडा


पोर्ट ॲलन,
२७ नोव्हेंबर १९९२

प्रिय वांडास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळाले. टाय आईने दिलेला आहे, तक्रार तिकडे कर. जोसीचा बदकाचा विनोद मला प्रत्यक्ष ऐकायचाय, किंवा बघायचाय म्हणू. तिला सांग की मामा एक घोड्याचा शिकून येतोय.

कागद बघितला. बसलीस का? बस. डेलची दहा वर्षं झालेली नाहीत. नऊ वर्षं आणि एकशे सदुसष्ट दिवस झालेत. मोठ्या संघाच्या यादीवर नाव असलेले एकशे बहात्तर दिवस भरले की एक वर्ष धरतात. म्हणजे पाच दिवस कमी.

हे पाच दिवस कुठे गेले ते मला ठाऊक आहे, कारण मीच ते घालवलेत. त्र्याऐंशीचा एप्रिल. डेलचं बोट दुखावलेलं होतं, महिनाभर खेळणार नाही असं धरून तुम्ही सोळा तारखेच्या शनिवारी लग्न ठरवलंत. हंगाम चालू असताना लग्न ठरवणारी आपल्या ओळखीत तूच. बोट आठवड्यात बरं झालं आणि गुरुवारी, चौदा तारखेला, त्याला धाकट्या संघातून वर घ्यायचा कागद माझ्या टेबलावर आला. मी तेव्हा ऑफिसात सगळ्यात खालचा. तू फोनवर एवढी रडलीस की मिसेस फिंचही रडल्या. मी कागद खणात ठेवला, पेपरमिंटच्या डब्याखाली, आणि मंगळवारी, एकोणीस तारखेला, पुढे पाठवला. कुणाला कळलं नाही. कुणाचं काही बिघडलं नाही, असं मी साडेनऊ वर्षं समजत होतो.

पुढच्या हंगामाचे पहिले पाच दिवस तो आमच्या यादीवर राहिला की वर्षं पुरी होतील. सामने पाच एप्रिलच्या सोमवारी सुरू होतायत. म्हणजे शुक्रवार, नऊ एप्रिल.

घराचं तुम्ही दोघांनी ठरवा. मी काही सांगू शकत नाही. माझं तोंड बांधलेलं आहे हे तू या घरात इतकी वर्षं बघतेस, मला पुन्हा विचारू नकोस. एवढं पेपरातही आलंय, म्हणून लिहितो, की साहेबांचा, म्हणजे पेटिबोन यांचा, सगळा जीव सोलबर्ग नावाच्या पिचरवर आहे. करार संपून मोकळा झालाय, सहा संघ त्याच्या दारात उभे आहेत आणि सातवे आम्ही, टोपी हातात घेऊन.

आईच्या गुडघ्याला त्या हिरव्या बाटलीतलं तेल लावा.

माया आहे तेवढी असू दे, थोडी रागावलीस तरी चालेल.

तुझा,
कॅझ


हार्लो,
१४ डिसेंबर १९९२

प्रिय कॅझ,
स. न. वि. वि.

रागावू कुणावर? मी रडले म्हणून तू थांबलास. माझ्या लग्नाचे पाच दिवस नऊ वर्षांनी मागायला आलेत, एवढंच.

डेलला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो हसला, म्हणाला की तो आठवडा असा होता की त्यासाठी पाच दिवस काय, पन्नास दिले असते. मग फावडं घेऊन बर्फ काढायला बाहेर गेला. तासभर काढत होता. सकाळीच काढून झाला होता, कॅझ. अंगण कोरडं होतं. मी खिडकीतून बघत होते, फावडं दगडावर घासल्याचा आवाज येत होता. विचारलं तर म्हणाला, खांद्याला व्यायाम.

घराचं आम्ही अजून सांगितलेलं नाही. माझे हात बांधलेत. घर घ्यावं आणि मार्चमध्ये त्याला कुठेतरी हलवलं तर काय? घेऊ नये आणि काहीच झालं नाही तर? जोसीची खोली मी रंगवायला घेतली होती, दोन भिंती पिवळ्या झाल्यात, दोन तशाच आहेत.

तू सांगणार नाहीस हे कबूल. पण माझं ऐक. सांगू नकोस, फक्त खूण कर. तू दर वेळी आईच्या गुडघ्याचं काहीतरी विचारतोस. डेलचं नाव तुमच्या त्या बंद खोलीत निघालं, तर पुढच्या पत्रात गुडघ्याबद्दल लिहू नकोस. एवढंच. त्यात तू काही बोललास असं होत नाही.

ख्रिसमसला येतोयस. यायचंच आहे. जोसीला घोड्याचा विनोद हवाय.

माया घट्ट असू दे, आम्हाला सध्या घट्ट काहीतरी लागतंय.

तुझी,
वांडा


पोर्ट ॲलन,
८ जानेवारी १९९३

प्रिय वांडास,
सप्रेम नमस्कार.

ख्रिसमसचं जेवण अजून अंगावर आहे. जोसीने माझा घोड्याचा विनोद मध्येच थांबवला आणि दाखवलं की मी घोडा म्हणतोय ते खरं तर ससा आहे. तिच्यापुढे मला कान पकडावे लागले.

सोलबर्गचं तुला पेपरात कळलंच असेल, तरी आतली गंमत सांगतो. साहेबांनी त्याला आणि त्याच्या बायकोला इथे बोलावलं. तीन जानेवारीला! सरोवरावरून वारा असा सुटलेला की विमान दोनदा फिरून उतरलं. बाईंच्या पायात उघड्या टाचेचे बूट. साहेबांना वाटलं गावची मजा दाखवावी, म्हणून शुक्रवारचे मासे तळतात त्या हॉलमध्ये नेलं, कागदी ताटं, शेजारी बोलिंग ॲलीचे पट्टे, पाठीमागे ढडाढड पिना पडतायत. सोलबर्ग बिचारा दोन तुकडे जास्त जेवला. बाईंनी कोट काढलाच नाही. मला विचारलं की इथे ऊन कधी पडतं. मी खरं सांगितलं. मी खरं सांगायला नको होतं असं साहेब परतीच्या वाटेवर गाडीत तीनदा म्हणाले. चार दिवसांनी त्याने समुद्रकाठच्या उबदार गावी सही केली.

त्याच्या आधी शॉर्टस्टॉपच्या जागेवरचा एक खेळाडू. त्याचा माणूस आमच्याशी पंधरा दिवस गोड बोलला आणि आमचं नाव दाखवून जुन्याच संघाकडून हवं ते पदरात पाडून घेतलं. आम्ही म्हणजे दुकानात भाव पाडायला नेतात ते गिऱ्हाईक. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. साहेब आता म्हणतात की विकत कुणी येत नसेल तर अदलाबदल करावी लागेल. हे त्यांनी रेडिओवरही सांगितलंय, म्हणून लिहितो.

आता गुडघा. वांडा, तू मला कुठे आणून ठेवलंस ते बघ. लिहिलं तर तू म्हणशील सगळं ठीक आहे, नाही लिहिलं तर तू पेट्या बांधायला घेशील, आणि दोन्ही वेळा मी तोंड उघडलं असंच होईल. दोन संध्याकाळी हा कागद समोर घेऊन बसलोय. म्हणून ठरवलंय की गुडघ्याचं मी आईलाच फोन करून विचारीन. या पत्रातून तू काहीही वाचू नकोस. काहीही लिहिलेलं नाही.

राग आला तरी लोभाची जागा मोडू नकोस.

तुझा,
कॅझ


हार्लो,
२१ मार्च १९९३

प्रिय कॅझ,
स. न. वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर भांडले असते. घर आम्ही घेतलं. डेल म्हणाला, तुला हवंय ना, मग सही कर. फ्लोरिडाला सरावासाठी निघायच्या आदल्या दिवशी केली. बाकीच्या दोन भिंती मी रंगवल्या.

आणि आता हे. सॅन मार्टिन संघाच्या कॅचरचा अंगठा मोडला. टीव्हीवर चारदा दाखवलं. ते यंदा जिंकायला निघालेत, त्यांना आत्ता, याच महिन्यात, मुरलेला कॅचर हवा, आणि टीव्हीवरच्या त्या टकल्याने तीन नावं घेतली त्यात पहिलं डेलचं. मला आता तुझी खूण नको, कॅझ. मला दिसतंय.

मी चौकशी केली. तिकडे जोसीसारख्या मुलांची शाळा तीनशे मैलांवर आहे आणि मुलांना तिथेच ठेवून घेतात. म्हणजे एकतर पोर आमच्यापासून तुटेल, नाहीतर आम्ही डेलपासून. तिसरी वाट मी खूप शोधली.

म्हणून आता मागते. पेटिबोन करार करतील, ते तुझ्या हातात नाही हे मला कळतं. पण कागद तुझ्याच टेबलावरून जातो. पाच एप्रिलला सामने सुरू. नऊचा शुक्रवार मावळला की डेलला त्याच्या होकाराशिवाय कुणी हात लावू शकत नाही, आणि तो नाही म्हणेल. तू एकदा माझ्यासाठी पाच दिवस कागद खणात ठेवला होतास. तेव्हा मला फक्त नवरीच्या पोशाखात मिरवायचं होतं. आता माझं घर आहे.

तुझी नोकरी जाईल असं वाटत असेल तर स्पष्ट लिही. मी आयुष्यभर तुला जेवायला घालीन. हिरव्या टायसकट.

डेलला मी फोनवर सांगितलंय की तुला विनवणार आहे. तो तिकडच्या हवेचं सांगायला लागला. पुरुषांना मागायची लाज वाटते, मला नाही.

लोभ आहे म्हणूनच मागते.

तुझी,
वांडा


फ्लोरिडा,
३० मार्च १९९३

मेव्हण्या,
नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुमच्या घरात लग्न करून दहा वर्षं झाली तरी नाही. चुका सांभाळून घे. हे वाचलंस की जाळ.

वांडाने तुला काय मागितलं ते मला माहीत आहे. ठेवू नकोस. कागद आला की पाठव.

मी चौतीसचा झालो. सकाळी उठताना गुडघे असे वाजतात की शेजारच्या खोलीतला पोरगा भिंत ठोकतो. दहा वर्षं मी हेरन्ससाठी बसलो आणि दर वर्षी सप्टेंबर संपला की सामान गोळा करून घरी आलो. ऑक्टोबरातले मोठे सामने मी सोफ्यावर बसून बघितले, प्रत्येक. सॅन मार्टिनवाले तिथे पोहोचणार आहेत. मला एकदा तिथे बसायचंय, मग सगळं संपलं तरी चालेल.

तिने डिसेंबरात पाच दिवस कमी असल्याचं सांगितलं तेव्हा मला आनंद झाला. मग त्या आनंदाची एवढी लाज वाटली की मी बाहेर जाऊन फरशी खरवडत बसलो.

आता नीट ऐक, कारण हे मी एकदाच लिहीन. शुक्रवार उलटला की ते मला विचारतील. हो की नाही. आणि मी घरी जाऊन ते टेबलावर सांगायचं, जोसीसमोर. तिच्याशी मी तोंडाने बोलत नाही, हातांनी बोलतो. ती माझ्या हातांकडे बघत असताना मी 'हो, मी जातो' हे करू शकणार नाही. मग मी नाही म्हणीन, आणि उरलेली सगळी वर्षं त्या दोघींकडे बघताना माझ्या मनात तेच राहील. शुक्रवारच्या आधी मला कुणी विचारत नाही. फक्त पाठवतात. मला विचारलं जायला नको आहे, कॅझ.

मी चांगला माणूस नाही हे कळतंय. वांडाला हे कधी कळू देऊ नकोस. तिने मला सोडलं तर मी जगेन कसा ते माहीत नाही. तुला ती सोडणार नाही, तू भाऊ आहेस.

याबद्दल मनातून उतरवलंस तर तक्रार नाही.

डेल


पोर्ट ॲलन,
८ एप्रिल १९९३

प्रिय वांडास,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोहोचेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल. तरी माझ्याकडून लिहिलेलं असावं.

डेलला सॅन मार्टिनला दिलं. बदल्यात दोन तरुण पिचर आले, एकाचा हात चांगला आहे, दुसऱ्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. कागद आज गुरुवारी सकाळी अकरा वाजता मीच पाठवला. तुझं पत्र माझ्याकडे होतं, मी ते वाचलेलं होतं, विसरलो नव्हतो.

मी वीस वर्षांपूर्वी इथे तिकिटं फाडायला लागलो. त्र्याऐंशी साली मी जे केलं ते चूक होतं. त्याची भरपाई म्हणून तेच पुन्हा करणं मला जमलं नाही. दुसरं कारण नाही. डेलला यातलं आधी काही ठाऊक नव्हतं, त्याला मी दुपारी बोलावून सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस. तो माझा हात हातात घेऊन उभा राहिला.

ईस्टरला मी येत नाही. सणाच्या जेवणाच्या बास्केटला आशीर्वाद घ्यायला आईला चर्चला कोण नेणार ते बघ, तिचा गुडघा जिन्यावर अडतो.

जोसीसाठी जे लागेल ते मला सांग. सकाळी शाळेत सोडणं, दुपारी आणणं, काहीही.

लोभ ठेव असं म्हणायचा हक्क आज मला नाही, पण सवयीने मनात आलं.

तुझा,
कॅझ


हार्लो,
१३ एप्रिल १९९३

श्री. कॅसिमिर वॉयटस यांस,
स. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. उत्तर देणार नव्हते, पण काम आहे.

ईस्टरच्या शनिवारी मिसेस फिंच चर्चमध्ये भेटल्या. हातात बास्केटमधलं, सणासाठी लोण्याचं करतात ते कोकरू होतं, आणि त्या रडत होत्या. म्हणाल्या की पेटिबोनसाहेब गुरुवारी सकाळी नऊलाच सुट्टीवर गेले. जाताना सांगून गेले की सॅन मार्टिनचा कागद तेवढा सवडीने पाठव. सवडीने! शुक्रवारी गुड फ्रायडे, ऑफिस बंद. शनिवार-रविवार बंद. तो कागद खणात ठेवायचीसुद्धा गरज नव्हती, कॅझ. टेबलावर तसाच राहू द्यायचा आणि टोपी घालून घरी जायचं. सोमवार उजाडला असता. तुला काहीच करायचं नव्हतं, आणि तेवढंही तुला जमलं नाही. मुद्दाम उठून फॅक्सच्या मशीनपाशी गेलास.

डेल शुक्रवारी पहाटे गेला. जोसीने हातांनी विचारलं की का जातोस. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने हातांनी सांगितलं की मला कुणी विचारलं नाही. तिने तीनदा विचारलं, त्याने तीनदा तेच सांगितलं. मग ती त्याच्या बॅगेवर जाऊन बसली. तिला उचलून बाजूला करावं लागलं.

आणि त्याचं मन बघ. गाडीत बसताना मला म्हणाला, कॅझवर राग धरू नकोस, त्याने त्याचं काम केलं. रडत होता. चौतीस वर्षांचा माणूस, दहा वर्षं या गावासाठी गुडघे झिजवले, त्याला पार्सलासारखं पाठवलं आणि तरी तो तुझी बाजू घेतोय. त्याच्या जागी मी असते तर तुझं नाव घेतलं नसतं. एवढ्या मोठ्या मनाचा नवरा मला मिळाला हे मला आजवर कळलं नव्हतं, तुझ्यामुळे कळलं. तेवढे तुझे उपकार.

आईने तुझं ताट मांडलं होतं. मी उचललं नाही, जेवण झाल्यावर तसंच धुतलं.

आता काम. डेल असताना मंगळवार आणि गुरुवार तो जोसीला शाळेत सोडायचा, कारण त्या दिवशी माझी हॉस्पिटलात सकाळची पाळी असते. दुसरं माणूस मिळालं असतं तर तुला लिहिलं नसतं. तिला तूच हवा आहेस, तिने हट्ट धरलाय, तिला यातलं काही समजत नाही आणि मी समजावणार नाही. परवा गुरुवारपासून ये. सव्वासातला. दारात येऊ नकोस, गाडी रस्त्यावरच उभी कर. हॉर्न वाजवू नकोस. तिला तो ऐकू येत नाही, आणि मला ऐकायचा नाही. पुढचे दिवे दोनदा लावून बंद कर, ती खिडकीत बसलेली असेल.

वांडा पर्व्हिस